पंचफुलाबाईचा जबाब

माझं पहिलं पत्रक पंचफुलाबाईनं मिरच्या बांधायला वापरलं. तेही माझ्यादेखत. पाव किलो हिरव्या मिरच्या त्यावर ओतल्या, चारी टोकं आत दुमडली, पुडी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली आणि मला म्हणाली, "कागद साजरा हाय तुहा. जाड हाय. आनखी हायेत काय?"

पत्रकाचं शीर्षक होतं, 'जागे व्हा! आपली जागा वाचवा!' चार वेळा खोडून पाचव्यांदा जमलं होतं ते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अकोल्याच्या जठारपेठेत एका किराणा दुकानाच्या वर आमच्या संघटनेची एक खोली होती, आणि जगातला कुठलाही अन्याय एका पाठपोट पत्रकात मावतो अशी माझी खात्री होती.

पंचफुलाबाई भाजी विकायची. अकोला आणि अमरावतीच्या मधलं तालुक्याचं गाव, एवढं सांगितलं की पुरे. नाव लिहीत नाही. तिथल्या कचेरीतले काही लोक अजून त्याच खुर्च्यांवर बसलेले आहेत, आणि मला त्यांच्याशी भांडायचं आहे, त्यांना प्रसिद्धी द्यायची नाही. तिथं एसटी स्टँडच्या भिंतीला लागून सतरा बाया भाजी घेऊन बसत. बहुतेक माळ्यांच्या घरच्या, आपल्या मळ्यातलं पिकवून आणणाऱ्या. कचेरीला ती भिंत मोकळी हवी होती. बायांसाठी गावाबाहेर, कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्याही पुढं, नवं मार्केट बांधलं होतं. तिकडे फक्त बकऱ्या जायच्या, आणि बकऱ्या भाजी विकत घेत नाहीत.

तर एके दिवशी सकाळी दोन माणसं कागद घेऊन आली. म्हणाली, नोंदणी चालू आहे, अंगठा द्या, फायद्याचं आहे. सतरा बायांनी सतरा अंगठे दिले. महिन्याभरानं नोटीस आली की तुम्ही जबाब दिले आहेत, जागा सोडायला तुमची संमती आहे, आता सुनावणी होईल आणि मग हलायचं. जबाब! त्या बायांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, तरी त्यांचा जबाब कचेरीत तयार होता.

मी तावातावानं तिथं पोचले ती अशी. आणि मिरच्यांची पुडी पाहून आणखी तावात आले.

"मावशी," मी म्हणाले, "यात काय लिहिलंय ते मी वाचून दाखवते तुम्हाला."

"नोको."

"अहो, तुमच्या फायद्याचं आहे."

"त्या दोघाईनंबी हेच म्हटलं होतं. फायद्याचं हाय, अंगठा द्या. आता तू म्हनतं, फायद्याचं हाय, आइक. त्याईच्यात न तुह्यात फरक काय, तं तुले वेनी हाय."

बाजूची शोभाबाई खोकला येईपर्यंत हसली. मी विचारलं, मग करायचं काय?

"मले वाचाले शिकव," पंचफुलाबाई म्हणाली. "मंग माही मी पाहीन, ते खोटे का तू खोटी."

पुढं दीड वर्ष मी तिला शिकवत होते असं लोक म्हणतात. म्हणोत.

तिचं चरित्र मला माहीत नाही. साठीच्या पुढची होती, नक्की किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. माहेर अंजनगाव सुर्जीचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, यापलीकडे तिनं काही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुले भाजी घ्याची हाय का माही कुंडली?" उंच, सडसडीत बाई. एक गुडघा उभा धरून बसायची, आणि उभ्या गुडघ्यावर हात टाकून गिऱ्हाइकाकडे असं बघायची की भाव करणाऱ्याला आपणच उधळे वाटावं. हाताशी पाण्याची बादली आणि त्यात कडुनिंबाची डहाळी. दर थोड्या वेळानं डहाळी भाजीवर झटकायची. कुणी मेथीची जुडी उगाच चिवडत बसलं, की तिच्यावरही झटकायची. एकदा एका मास्तरीणबाईच्या इस्त्रीच्या साडीवर पाणी उडालं. त्या चिडल्या. पंचफुलाबाई म्हणाली, "माफ करा जी. हात लावलेल्यावर पानी मारा लागते, नाही तं सुकते."

'बिचारी' हा शब्द तिच्यासमोर काढायचा नाही, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. आमच्या दुसऱ्या पत्रकात 'या बिचाऱ्या भगिनी' असं होतं. कुणीतरी तिला ते वाचून दाखवलं. तिनं मला बोलावून एवढंच विचारलं, "बिचारी कोन? अंगठा म्या देल्ला, पन पत्रक फुकट वाटत तूच हिंडून राह्यली ना उन्हात?"

शाळा भरायची दुपारी एक ते तीन. तेव्हा स्टँडवर ऊन सोडून कुणी उतरत नाही. आधी चौघी जणी बसल्या. पंधरा दिवसांत तिघी गळाल्या, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचं डोकं दुखायला लागलं. ही उरली. शोभाबाई पलीकडून ओरडायची, "काहून वं पंचफुले, कलेक्टर होतं काय?"

"होईन ना! अन् पयले तुहीच जागा हालवीन."

वही-पेन्सिल तिनं कित्येक महिने हाती धरली नाही. समोर फरशी होती. बादलीत बोट बुडवून त्या फरशीवर लिहायची. उन्हात अक्षर पाहता पाहता उडून जायचं. मी म्हटलं, मावशी, पाटी आणते. तर म्हणाली, "असू दे. चूक वायून जाते. कोनाले दिसत नाही."

मी प्रौढांसाठीचं सरकारी पुस्तक घेऊन गेले होते. चित्र, खाली अक्षर, खाली शब्द. तिनं अक्षरं भराभर उचलली. माझी छाती फुगली. मग मी फरशीवर 'पाणी' लिहिलं. तिनं वाचलं, "जानी." 'पाय' लिहिलं. "जाय." 'कप' लिहिलं. "कज." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कज म्हन्जे काय असते वं?"

एक आठवडा मी डोकं आपटलं. बाकी अक्षरं बरोबर आणि 'प' आला की घसरगुंडी. शेवटी पुस्तक उघडून 'प'वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे?

"जांब."

आमच्या वऱ्हाडात पेरूला जांब म्हणतात. पुस्तकात पेरूचं चित्र होतं, तिनं जांब ओळखला, आणि जांबाचं पहिलं अक्षर ज, म्हणून 'प' म्हणजे ज. तिचं काहीच चुकलं नव्हतं. हुशार माणूस चुकीच्या पुस्तकावर जितक्या बरोबर रस्त्यानं जाईल, तितकी ती गेली होती. मी समजावून सांगितलं. तिनं पुस्तक जवळ ओढलं, चित्राकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं.

"जांबाच्या खाली पेरू काहून लिवलं?"

"त्यांच्याकडे तसं म्हणतात."

"अन् हे?" तिनं पान उलटलं. कोथिंबिरीची जुडी होती. "हे तं सांभार हाय."

"कोथिंबीर."

"चायीस वर्सं सांभार इकून राह्यली मी, एकानं कोथिंबीर मांगतली नाही." पुस्तक मिटून म्हणाली, "आसं हाय मंग. ह्या पुस्तकात भाजी आमची, अन् नाव त्याईचं."

मी ते पुस्तक पिशवीत टाकलं ते पुन्हा काढलं नाही. त्या दिवसापासून अक्षरं तिच्या टोपलीतून यायला लागली. स सांभाराचा. ज जांबाचा. भ भेदराचा, भेदरं म्हणजे टोमॅटो. आणि ठ? "ठ म्हन्जे भेदरंच हाय, देठासकट टांगलेलं." पाहा, ठ लिहून पाहा. मी दोन पदव्या घेतल्या, मला आयुष्यात ते दिसलं नव्हतं.

फक्त 'ळ'वर ती अडून बसली. लिहायला शिकली, पण मानायला तयार नाही. "आमी केई म्हनतो, डोये म्हनतो, शाया म्हनतो. हे अक्षर बोलते कोन?"

"पुण्याकडे बोलतात," मी म्हणाले.

"मंग त्याईले वापस द्या ना."

चेष्टा चेष्टेच्या जागी. एका गोष्टीवरून मात्र आमचं खरंच भांडण झालं, आणि त्यात मी वाईट वागले, ते लिहायलाच हवं. ती आता छोटी वाक्यं वाचायला लागली होती. मी लिहिलं, 'मला पाणी दे.' तिनं वाचलं, "मले पानी दे."

"मावशी, नीट बघा. 'ल'ला काना आहे. म-ला."

"दिसते ना मले काना."

"मग मले का वाचता? मला वाचा."

"मले पानी दे."

"मला!"

"अवं, पानी देनाऱ्याले समजलं, बस झालं ना."

"असं चालत नाही. वाचायचं ते शुद्धच वाचायचं," मी म्हणाले. जोरात म्हणाले. दोनतीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिनं फरशीवर ओला हात फिरवून माझं वाक्य पुसून टाकलं.

"तुही माय काय म्हनते?"

माझी आई दर्यापूरकडच्या खेड्यातली. ती मलेच म्हणते. मीही म्हणायची. अमरावतीच्या होस्टेलात पहिल्या वर्षी मुली हसल्या, तेव्हा सहा महिन्यांत मी माझी जीभ धुऊन वाळत घातली. ते या बाईला काय सांगणार? तिनं माझ्या पिशवीतलं ताजं पत्रक ओढून घेतलं आणि बोट ठेवून अडखळत वाचलं, "आ-म्हा-ला न्या-य ह-वा."

"हे आमी कोन?"

"तुम्हीच. तुम्ही सगळ्या."

"सतरा जनीत एक तरी आम्हाला म्हनते काय? ते दोघं आले, त्याईनं आमच्या नावानं त्याईचं लिवलं. तू आली, तूबी आमच्या नावानं तुहंच लिवतं. तुहं चांगलं हाय, मी कुठी नाही म्हनतो? पन तुहं हाय."

बाहेरच्यांसाठी एक सांगते. आमच्याकडे बायाही 'मी म्हनतो, मी जातो' असंच बोलतात. त्यात चुकीचं काही नाही. त्या दिवशी मी मात्र तेही चुकीच्या यादीत टाकून, तणतणत अकोल्याची गाडी पकडली. चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले, तेव्हा तिनं काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "आज कोनतं अक्षर हाय?" मी सांगितलं, आजपासून तुम्ही बोलता तसंच लिहायचं. ती म्हणाली, "मंग तुलेच शिका लागीन." आणि खरंच, 'राह्यली' कसं लिहायचं, 'त्याईचं'मध्ये ई कुठं लावायची, यावर मी तिच्याकडून शिकले. शुद्धलेखनाच्या कुठल्याच पुस्तकात ते नाही.

वाचायला यायला लागल्यावर ती रस्त्यानं सरळ चालेना. दुकानांच्या पाट्या, दवाखान्याचे बोर्ड, लग्नपत्रिकेचा फाटका तुकडा, 'येथे थुंकू नये'. ते वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हन्जे एवढे दिवस लोकं वाचून थुंकत होते?" एसटीच्या पाट्यांचा तिला भारी शौक. आधी कंडक्टरला विचारून चढायची, आता विचारणार नाही म्हणाली. एकदा अमरावतीला जायचं होतं. गाडी लागली. ही समोर उभी राहून, "अ... म... रा..." करत राहिली. 'ती' पूर्ण केली तेव्हा समोर पाटी नव्हती, गाडीही नव्हती. धूर होता.

"वाचली तं पुरी," परत येऊन शोभाबाईला सांगत होती. "पन गाडी थांबली नाही. अकोला साजरं गाव हाय, चट वाचून होते. अमरावतीले जाचं तं अर्धा घंटा आधी वाचाले लागा लागते."

"अन् तुह्या माहेराले?"

"अंजनगाव सुर्जी? तिथं पायीच जाईन मी. ते परवडते."

हे सगळं चाललं होतं तेव्हा एक कागद तिच्या कमरेच्या पिशवीत होता. मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून सतराही जबाबांच्या नकला काढल्या होत्या. नक्कल हाती आली त्या दिवशीच मी ती वाचली, आणि मला सगळं ठाऊक झालं. तिनं मला ते बोलू दिलं नाही. "तोंड बंद ठिव," म्हणाली. "मले येईन तवा मी वाचीन." नक्कल घेतली, घडी घातली, ठेवली. सुनावणीची तारीख पडली, मग साहेब पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेले म्हणून पुढं ढकलली, मग निवडणूक आली. माझा जीव वर-खाली. तिची घडी बंद. मी कधी चिडून म्हटलं, मावशी, उद्या बोलावलं तर काय कराल? तर म्हणायची, "पिकल्याबिगर तोडाचं नाही."

सुनावणीची चौथी तारीख आली तेव्हा आठ दिवस हातात होते. त्या दुपारी तिनं घडी उलगडली. तीन दुपारी लागल्या तिला ते एक पान वाचायला. कार्यालयाच्या मराठीवर माझा राग जुनाच आहे, पण त्या तीन दिवसांत तो पक्का झाला. 'सदर', 'उपरोक्त', 'हरकत'. असे शब्द म्हणजे भाजीवाल्या बाईला दारातून परत पाठवायला बसवलेले पहारेकरी. ती एकेका पहारेकऱ्याचं नाव विचारत पुढं सरकली. मग एका शब्दावर थांबली.

"स्व... खु... शी... ने." पुन्हा वाचला. "स्वखुशीनं जागा सोडली. ही स्वखुशी कोन हाय?"

"काय?"

"स्वखुशी. कोनाची पोट्टी हाय? आमच्यात तं या नावाची कोनी बसत नाही. खुशी हाय एक, शोभीची नात, पन ते पाच वर्साची हाय."

मला हसू आवरेना. ती माझं हसणं संपायची वाट बघत होती. मग मी सांगितलं. स्वखुशीनं म्हणजे स्वतःच्या खुशीनं. म्हणजे तुम्ही स्वतः, आपल्या मनानं, आनंदानं.

तीही हसली. 'कोन हाय' म्हणत स्वतःलाच हसली. हसता हसता तिचा हात कागदावर जसा होता तसाच राहिला आणि चेहरा हळूहळू उतरला. "म्हन्जे मी खुशीत होती," ती म्हणाली. "जागा सोडताना मी खुशीत होती. आसं लिवलं हाय इथं."

शेवटची ओळ तिनं माझ्या मदतीशिवाय वाचली. 'सदर जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' आणि खाली तिचा अंगठा. वाचताना 'मला'चं तिनं 'मले' केलं नाही. पहिल्यांदाच, जसं लिहिलं होतं तसं वाचलं. म-ला.

"हे माहं नाही," ती म्हणाली.

"हो ना, तुम्हाला वाचून दाखवलंच नव्हतं."

"ते तं हायेच. पन हे पाह्य. मला. मी मला म्हनतच नाही."

मी वकिलाच्या पायऱ्या झिजवून, कलमं शोधून, पाच पानांचं निवेदन तयार केलं होतं. त्यात हे वाक्य नव्हतं.

सुनावणीला सतराजणी गेल्या. मी दाराशी उभी राहिले, आत फक्त 'संबंधितांना' प्रवेश होता. पंचफुलाबाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. एक पान, मोठी अक्षरं, ओळी उतरणीला लागलेल्या. मला तो अजून पाठ आहे. 'मी पंचफुला. मी जागा सोडली नाही. मले कोनी इचारलं नाही. मले कोनी वाचून दाखवलं नाही. नव्या मार्केटात गिराईक येत नाही. मी इथंच बसतो.'

टेबलाशी बसलेल्या कारकून बाबूनं कागद दोन बोटांत उचलला. "आजीबाई, हे असं चालत नाही. शुद्ध लिहावं लागतं. मी लिहून देतो, तुम्ही खाली सही करा."

"नोको जी. तुमी लिवान तं तुमच्या तोंडातलं लिवान."

"अहो, अर्थ तोच राहील."

"मांगच्या टाइमालेबी तोच अर्थ होता काय?"

साहेबांनी डोळे वर केले. फाइल उघडून जुना कागद तिच्यापुढं धरला. "हा अंगठा तुमचाच ना?"

"अंगठा माहा हाय. बोलनं माहं नाही."

"कशावरून?"

ती पुढं झाली. फायलीतले कागद तिनं परवानगी न विचारता पसरले आणि एकेकावर बोट ठेवत गेली. "हे पाहा सायेब. मला. हे शोभीचं, मला. हे जनाबाईचं, मला. सतरा बाया, अन् साऱ्याई मला? ह्यातली एक बाई तुमच्या समोर मला म्हनाली असीन, तं मी आत्ता पाटी उचलतो अन् जातो. इचारा ना. ए शोभे, तहान लागली तं काय म्हनतं?"

"मले पानी दे म्हनतो," शोभाबाई मागून म्हणाली.

"जनाबाई?"

"मले."

मग आणखी कुणीतरी, मग सगळ्या, एकीमागून एक, मले, मले, मले. दाराशी उभा असलेला शिपाई फस्सकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "काय रे?"

"काही नाही जी," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पन बरोबर हाय जी त्याईचं. इकडं बाया आसं बोलत नाही."

साहेब बराच वेळ सतरा कागद वरखाली करत राहिले. सगळ्यांत तीच वाक्यं, तोच क्रम, तीच खुशी. डोळ्यासमोर असलेली गोष्ट दिसायला माणसाला कधी कधी भाजीवाल्या बाईचं बोट लागतं. त्यांनी जुने जबाब बाजूला काढायला सांगितले. नव्यानं, प्रत्येकीचा वेगळा, ती सांगेल त्या शब्दांत. बाबूनं लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडला. "राह्यली कसं लिहायचं?" त्यानं हवेतच विचारलं. पंचफुलाबाईनं सांगितलं.

न्याय एका दुपारीत होत नाही, आणि झाला असं मी लिहिलं तर ते पत्रक होईल. पुढं पाच महिने गेले, दोन मोर्चे निघाले, एका पुढाऱ्यानं श्रेय घेतलं. त्या जबाबांच्या आधारावर आदेश निघाला की बाया भिंतीलगतच बसतील. डांबरावर चौकोन आखून द्यायचे, आणि चौकोनात ज्या-त्या बाईचं नाव.

माझी तोवर अमरावतीला रवानगी झाली होती. चौकोन आखायच्या दिवशी मुद्दाम आले. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर होते, अजून रस्ता ओलांडायचा होता. पेंटर पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन ओणवा होऊन कचेरीच्या यादीवरून नावं उतरवत होता. पंचफुलाबाईच्या चौकोनात त्यानं लिहिलं होतं, 'पंच. भ्र. महादेव'. भ्र. म्हणजे भ्रतार. कचेरीच्या यादीत बाईच्या नावापुढं तिचा नवरा असा लागतो. जागा कमी पडली म्हणून पेंटरनं बाईचं नाव अर्धं केलं आणि वारलेल्या नवऱ्याचं पूर्ण लिहिलं.

ती चौकोनाबाहेर उभी राहून वाचत होती. ओठ हलताना मला इकडून दिसत होते.

"हे पुस," ती म्हणाली.

"यादीत आसंच हाय, माय."

"त्यो येत नाही इथं भाजी इकाले. पुस."

पेंटरनं कुरकुरत रॉकेलचा बोळा फिरवला. तिनं त्याच्या हातातून ब्रश घेतला, लुगडं खोचलं आणि डांबरावर उकिडवी बसली. पं लिहिला, अनुस्वार चांगला मेथीच्या दाण्याएवढा दिला. च लिहिला. अक्षरं एवढी मोठी काढली होती की चौकोन 'फु'लाच संपला, आणि ती तशीच सरकत रस्त्यात आली. मागून एक मोटारसायकल आली, थांबली, हॉर्न वाजवला. मग एक ऑटो. मग दुधाची गाडी. सगळे मिळून हॉर्न वाजवायला लागले. शोभाबाई ओरडली, "सरक वं, मरतं काय!"

पंचफुलाबाईनं मान वर केली नाही. ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळवला.

"थांबा ना बापा," ती म्हणाली. "दिसत नाही काय? लिवून राह्यली मी."